टिपणीसांच्या मशीनमधली चरचर

दसरा झाला की प्रभाकर टिपणीसांचं जेवणावरचं लक्ष उडायचं. बाकी सगळी आळी सोनं वाटून, श्रीखंड खाऊन सुस्तावलेली असायची आणि हे मागच्या खोलीत आपल्या ॲम्प्लिफायरपुढे स्टूल ओढून, मान तिरकी करून बसलेले. चौऱ्याऐंशी साली दसरा गुरुवारी आला. शुक्रवारी सकाळी त्यांनी बटण दाबलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह तांबडे व्हायची वाट पाहिली आणि मिनिटभरात कर्ण्यातून ती आलीच. आधी चर्र. मग थोडं थांबून फट्. मग पुन्हा चर्र, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी.

टिपणीसांनी डोळे मिटून घेतले. एका जुन्या मशीनच्या खरखरीसाठी एवढं घाबरायचं काय, असं कुणालाही वाटेल, आणि त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना, ते वाटतही होतं. पण टिपणीस काय म्हणून घाबरले होते हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तसा माणूस मुळातच काळजीखोर. कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघणारा, गॅसचं बटण तीनदा चाचपणारा, पावसाळ्यात छत्री आणि रेनकोट दोन्ही नेणारा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तपासणीच्या खात्यात होते. तिथे हा स्वभाव सोन्याच्या मोलाचा होता. टिपणीसांनी कान लावून ‘बरोबर आहे’ म्हटलं की साहेब न बघता सही करत. त्यांच्या हाताखालची वस्तू सहसा बिघडायची नाही, कारण बिघडेल या धास्तीने ते ती आधीच चारदा उघडून बघायचे.

हा ॲम्प्लिफायर त्यांनी एकसष्ट साली स्वतःच्या हाताने बांधला होता. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून एकेक भाग जमवला, ट्रान्सफॉर्मर घरी बसून गुंडाळला, वर जाळीचं झाकण बसवलं. ‘मशीन’ म्हणायचे ते त्याला. टेंभी नाक्याच्या आसपासच्या चार आळ्यांत गणपती असो, वाचनालयाचा कार्यक्रम असो की कुणाच्या मुंजीतली सनई असो, टिपणीसांचं मशीन ठरलेलं. पुढे ट्रान्झिस्टरचे हलके सेट आले, पोरंसोरं हातात घेऊन फिरू लागली, तरी हे हटले नाहीत. व्हॉल्व्हचा आवाज गोल असतो, असं ते म्हणायचे. गोल म्हणजे काय हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही, पण ऐकणाऱ्याला कळायचं.

आणि मशीनबरोबर राघो असायचा. राघो पाटील, दिवा गावचा आगरी, टिपणीसांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. बासष्टच्या गणपतीत कर्णे बांधायला म्हणून आला आणि एकोणीस वर्षं टिकला. गच्चीच्या कठड्यावर उभा राहून दातांत सुतळी धरून कर्णा बांधायचा आणि खाली टिपणीस ‘राघो, सांभाळ, राघो, सांभाळ’ करत स्वतःच घामाघूम व्हायचे. मशीनचं वजन एकट्याने उचलायचा. कार्यक्रम संपला की वायरचं वेटोळं असं करायचा की पुढच्या वेळी एक गाठ सापडायची नाही.

त्या राघोला टिपणीसांनी चोर ठरवलं होतं.

झालं असं. एक्याऐंशी साली राघोच्या मुलीचं लग्न ठरत होतं, म्हणून दसऱ्यानंतर तो चार दिवस फिरकला नाही. आला तो थेट वाचनालयाच्या वर्धापनदिनाला. त्या दिवशी मशीन जे तडतडायला लागलं, की पाहुण्यांचं भाषण कुणाला ऐकू गेलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा लोक टिपणीसांकडे वळून बघून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटच्या टप्प्याचे दोन मोठे व्हॉल्व्ह काढले, तेच, ज्यांवर कर्ण्यांचा सगळा भार असतो. बघतात तर एकाच्या काचेवरची पांढरी अक्षरंच नाहीत. त्यांचा व्हॉल्व्ह परदेशी होता, हौसेने मिळवलेला, अक्षरं ठसठशीत. हा कोरा. हा माझा नव्हेच, असं त्यांच्या मनाने घेतलं. नवा आणून बसवला, चरचर थांबली. आणखी पुरावा तो काय हवा? मशीनला हात लावणारा तिसरा माणूस नव्हता.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या भित्र्या माणसाने कसं केलं याचं त्यांनाच पुढे नवल वाटे. नाक्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, पाच-सहा मंडप-लाउडस्पीकरवाल्यांच्या देखत, ते म्हणाले, “माझा चांगला व्हॉल्व्ह काढून विकलास आणि भंगार बसवलंस, राघो.” राघो वायर गुंडाळत होता. त्याने वेटोळं पुरं केलं, फळीवर ठेवलं आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही. न बोलणं म्हणजे कबुलीच, असं सगळ्यांनी धरलं. त्यानंतर ठाण्यात त्याला कर्णे बांधायला कुणी बोलावलं नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर चरचर पुन्हा आली. टिपणीसांनी कंडेन्सर बदलला. दिवाळीच्या सुमाराला ती गेली, म्हणून कंडेन्सरच होता म्हणायचं. त्र्याऐंशीत पुन्हा. हल्लीचे व्हॉल्व्हच हलके येतात, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि तेही बदलले. पुन्हा दिवाळीत गेली. वरवर सगळं ठीक होतं. आत मात्र एक प्रश्न पाल चुकचुकावी तसा चुकचुकत होता, की राघो जाऊन तीन वर्षं झाली, तरी हे येतंच आहे, तर मग तेव्हा ते राघोमुळे कशावरून?

यंदा त्यांनी गणपतीतच नवी जोडी बसवली होती, कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली जानव्याला बांधली होती. आंघोळ करतानाही ती त्यांच्या अंगावर असे. मशीनला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागणं शक्य नव्हतं. आणि तरीही, चर्र, फट्.

शनिवारी सकाळी वाचनालयाचा सेक्रेटरी सुधीर गुप्ते आला. बँकेत नोकरी, तरतरीत पोरगा, दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीहून इथे राहायला आलेला. दारातूनच त्याला कर्ण्यातली तडतड ऐकू आली.

“काका, उद्या पाच वाजता कार्यक्रम आहे. हे असंच राहणार असेल तर मी कल्याणहून ट्रान्झिस्टरचा सेट सांगतो. राग मानू नका.”

“होईल, होईल. उद्या बारापर्यंत सांगतो.”

“बारा म्हणजे बारा हां, काका. मग तो पण मिळणार नाही.”

सुधीर गेल्यावर टिपणीसांनी दार लावून घेतलं आणि कामाला लागले. रीत त्यांना पाठ होती. आधी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. चरचर तशीच. म्हणजे माईक निर्दोष, माईकची वायर निर्दोष. मग पहिला छोटा व्हॉल्व्ह उपटून बाजूला ठेवला. तशीच. दुसरा काढला. तशीच. म्हणजे दोष अगदी शेवटच्या टप्प्यात, त्या दोन मोठ्या व्हॉल्व्हांपाशी. आता त्या दोघांच्या जागा बदलून बघायच्या. व्हॉल्व्ह खराब असेल तर आवाजाचा रंग बदलेल, निदान थोडा तरी.

जागा बदलण्याआधी ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मदतीला कुणी नव्हतं आणि असतं तरी नको होतं. शेवटी फडक्याने धरून त्यांनी ते गरम व्हॉल्व्ह काढले, अदलाबदल केली. पुन्हा बसवल्यावर चरचर जरा वेळ दबली, आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की ते हसले. पाच मिनिटांत ती परत आली. तीच, तिथेच, तेवढीच.

ते दबणं त्यांना ओळखीचं वाटलं. एक्याऐंशी साली नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर ती थांबली होती. पण ती नव्या व्हॉल्व्हमुळे थांबली होती, की जुना उपटताना आत काही घासलं गेलं म्हणून? त्यांनी बटण बंद केलं.

तेव्हा एक विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांना फार आवडला. शोधायचंच कशाला? सुधीरला सांगावं, बाबा, कल्याणचा सेट आण. हे मशीन माळ्यावर टाकावं. वय झालं म्हणावं, माझंही आणि त्याचंही. कुणी विचारणार नाही. चरचर कशाने होते हे कळलंच नाही, तर राघो चोर होता की नव्हता हेही कधी कळणार नाही. न कळण्यात केवढं सुख आहे! सगळी संध्याकाळ ते या सुखाला कुरवाळत बसले. जेवताना मंदाकिनीबाईंनी वाढलेला भात त्यांनी तीनदा कालवला आणि तसाच ठेवला.

“काय होतंय हो तुम्हाला?” बाई म्हणाल्या. “तीन वर्षं बघतेय. दसरा झाला की तोंडचं पाणी पळाल्यासारखे असता.”

“काही नाही. व्होल्टेज कमी-जास्त होतंय.”

“मशीनचं की तुमचं?”

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते मागच्या खोलीत गेले ते खरं तर मशीन बांधून माळ्यावर टाकायलाच. पण हात सवयीने बटणाकडे गेला. तीस वर्षं बिघाड शोधण्यात गेलेल्या माणसाला बिघाड तसाच सोडून देता येत नाही, खाज सुटल्यावर हात आवरत नाही तसंच ते. त्यांनी पलंगावरची गोधडी ओढली, मशीनवर आणि स्वतःवर घेतली आणि त्या काळोखात डोळे फाडून बघत राहिले. उकाडा, धुळीचा वास, व्हॉल्व्हांचा तांबूस उजेड. चर्र झालं आणि त्यांना ते दिसलं. डावीकडच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी, जिथे त्याचे पाय सॉकेटात जातात तिथे, जांभळी ठिणगी नाचली आणि विझली. पुन्हा फट्, पुन्हा ठिणगी.

मशीन बंद करून, आत साठलेली वीज स्क्रू-ड्रायव्हरने उतरवून त्यांनी झाकण काढलं, व्हॉल्व्ह उपटला आणि बॅटरीचा झोत सॉकेटवर धरला. एवढी वर्षं त्यांनी ते सॉकेट वरून शंभरदा पाहिलं असेल. पण जुन्या मशीनवर मळ असायचाच, आणि ते बघत होते व्हॉल्व्हकडे. आता त्यांनी टाचणीने त्या मळाला टोकरलं. मळ लाल होता.

कुंकू होतं. कुंकू, हळद, पाण्याने भिजून पुन्हा वाळून दगड झालेलं. त्यात तांदळाचे दोन दाणे, झेंडूच्या पाकळीचा काळा तुकडा. ठिणगीने मधोमध कोळशासारखी रेघ जाळली होती. हवेत ओल असली की वीज त्या लगद्यातून या पायावरून त्या पायावर उडी मारत होती. दिवाळीत हवा कोरडी झाली की थांबत होती. एवढंच होतं ते.

“मंदा!”

बाई पदराला हात पुसत आल्या. टिपणीसांनी सॉकेटवर बॅटरी धरली.

“अगंबाई, साठलंय की,” त्या म्हणाल्या. “मी दसऱ्याला पूजा करते ना मशीनची. तुम्ही सोनं वाटायला बाहेर पडलात की कपाट उघडून.”

“किल्ली माझ्याजवळ असते.”

“दुसरी शिलाईच्या डब्यात आहे, लग्नापासूनची. सगळ्या घरात अवजारांची पूजा व्हायची आणि ज्याच्यावर तुमचा जीव त्यालाच तेवढं कुंकू नको? हळदकुंकू वाहते, अक्षता टाकते, पळीभर पाणी शिंपडते, फूल ठेवते. फूल मी उचलते नंतर. जाळीतून आत जातं ते माझ्या हाताला येत नाही. ते राघोभाऊ काढायचे.”

टिपणीसांनी बॅटरी खाली ठेवली.

“कोण काढायचं?”

“राघोभाऊ. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कारखान्यात गेलात की यायचे. माझ्याकडून जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिट मागून घ्यायचे. म्हणायचे, वयनी, आतला निर्माल्य काढतो. ज्या काचेवर कुंकू पडायचं तीसुद्धा लख्ख पुसून ठेवायचे. तुम्हाला ठाऊक नाही? मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना.”

ती काच स्पिरिटने पुसायचा. दरवर्षी. टिपणीस स्टुलावर बसले. अक्षरं कुठे गेली ते आता वेगळं सांगायला नको होतं. दरवर्षी थोडी थोडी पुसट होत गेली असणार आणि ज्याला कुलूप तीनदा ओढून बघायची सवय, त्याने ती अक्षरं एकदाही नीट पाहिली नव्हती. एक्याऐंशीत राघो मुलीच्या लग्नाच्या गडबडीत तेवढा आला नाही, आणि तेवढ्यानेच चरचर सुरू झाली.

“ते यायचे का बंद झाले हो?” बाई विचारत होत्या. “तुम्ही म्हणालात, दुसरं काम लागलं.”

मग त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, दुकानात कोण कोण होतं त्यासकट सांगितलं. मंदाकिनीबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. त्या रागावतील असं टिपणीसांना वाटत होतं, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझ्या कुंकवापायी,” त्या हळू म्हणाल्या. “आणि मला तीन वर्षं कळू दिलं नाहीत. मी त्यांच्या मुलीच्या लग्नाला साडी काढून ठेवली होती. ते आलेच नाहीत बोलवायला.”

सॉकेट साफ करायला वीस मिनिटं लागली. ब्रश, स्पिरिट, टाचणी आणि जळलेल्या रेघेवरून पातळ पात्याचा हलका हात. बटण दाबलं, व्हॉल्व्ह तांबडे झाले, आणि कर्ण्यातून काहीच आलं नाही. कान लावला तरी काही नाही. तीन वर्षं ज्या शांततेसाठी जीव टाकला ती ही. टिपणीसांना ती ऐकवेना. सुधीरला ‘सेट नको, मशीन तयार आहे’ अशी चिठ्ठी पाठवून ते सव्वाअकराला स्टेशनावर गेले आणि दिव्याला उतरले.

दिव्याला तेव्हा भातशेती होती. कापणीला आलेल्या भातातून बांधावरून जावं लागे. टिपणीस चालताना वाक्य जुळवत होते. ‘राघो, माझा गैरसमज झाला’ हे फार गुळगुळीत वाटलं. ‘राघो, मला माफ कर’ हे नाटकातलं वाटलं. घर दिसेपर्यंत तिसरं सुचलं नव्हतं. दारात राघोची बायको सखुबाई पाण्याचे हंडे उतरवत होती. तिने त्यांना ओळखलं आणि ‘बसा’ म्हटलं नाही.

राघो ओटीवर पडला होता. उठून बसला. दंडाची कातडी सैल झाली होती, हाताला घट्टे पडले होते. साठीला टेकलेला हा माणूस आता खाडीत रेतीच्या होडीवर जात होता, पाट्या उचलत होता.

“आयलास,” तो म्हणाला.

“राघो, कुंकू सापडलं.”

“सापडनारच. कवातरी सापडनारच होता.”

“तू बोलला का नाहीस तेव्हा? एक शब्द बोलला असतास—”

“तू इचारलास कुठं, भाऊ?” राघो शांतपणे म्हणाला. “तू सांगितलास. इचारलास असतास तं बोललो असतो. आनि काय बोलायचा? वयनीच्या पूजेनी मशीन बिघरला? तू घरी जाऊन तिच्यावर वरडला असतास. ती मना जेवल्याबिगर कदी जाऊ देत नव्हती.”

टिपणीसांनी हात जोडले. जुळवलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली. “चुकलं माझं. साफ चुकलं. चल माझ्याबरोबर. आज कार्यक्रम आहे.”

राघोने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“इथं कोनाला सांगतस? सखूला? ती तं पयल्या दिसापासून तुजा खरा मानत नव्हती. माजी पोर सासरी गेली, तवा तिच्या सासऱ्यानी इचारला, तुजा बापूस ठान्याला काय करून आयला? त्याला कोन सांगनार?” तो थांबला. “चोर बोललास तो चारचौघांत. चुकला बोलतस तो माज्या ओटीवर, गुपचूप. असा कसा भाऊ?”

सखुबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, जोरात.

“पानी पी आनि जा,” राघो म्हणाला. “मशीन लावायला उशीर होल. मी नाय येनार.”

टिपणीस बांधावरून परत निघाले. काय करायचं ते राघोने सांगितलंच होतं. ते करणं म्हणजे काय हे फक्त टिपणीसांना ठाऊक होतं. तेवीस वर्षं ते लोकांच्या तोंडापुढे माईक धरत आले होते, पण स्वतः त्यात ‘हॅलो, एक, दोन, तीन’पलीकडे कधी बोलले नव्हते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. दुकानात ते बोलून गेले ते रागाच्या भरात. आता राग नव्हता, नुसती भीती होती. त्यांनी सवलती शोधल्या. सुधीरला सांगावं, तो जाहीर करील. किंवा वाचनालयाच्या फळ्यावर लिहावं. किंवा पुढच्या वर्षी, नीट तयारी करून. ठाणं येईपर्यंत त्यांनी असे सहा मार्ग शोधले आणि सहाही आपण भित्रे असल्यामुळे सुचले हे त्यांना कळत होतं.

पाच वाजता वाचनालयाच्या पटांगणात दीडशे-दोनशे माणूस जमलं. दोन कर्णे आत, दोन नाक्याच्या बाजूला. बायकांच्या बाजूला मंदाकिनीबाई बसल्या होत्या, पहिल्या रांगेत पाहुणे आणि आळीतले वयस्कर लोक. सुधीर मशीनपाशी आला, कान देऊन ऐकलं आणि खूश झाला. “वा काका! टाचणी पडली तर ऐकू येईल. एकदा टेस्ट करा, मग मी सुरू करतो.”

टिपणीस माईकपाशी गेले. “हॅलो,” ते म्हणाले. “एक, दोन, तीन.” आणि तिथून हलले नाहीत.

सुधीरने भुवया वर केल्या. टिपणीसांनी माईकचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

“मी प्रभाकर टिपणीस,” ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज चारी कर्ण्यांतून ऐकून इतके दचकले की पुढचं विसरले. थुंकी गिळल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ गेला. चरचर असती तर त्यात थोडं झाकलं गेलं असतं. “मला... मला एक सांगायचंय. तीन वर्षांपूर्वी मी राघोला चोर म्हटलं. इथे नाक्यावर, दुकानात, सगळ्यांच्या देखत. राघोने माझा व्हॉल्व्ह चोरला नव्हता. काही चोरलं नव्हतं. ते खोटं होतं. चूक माझी होती.”

पहिल्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ, जरा कानाने कमी, शेजाऱ्याकडे कलले. असे लोक हळू बोलतात तेव्हाही मोठ्यानेच बोलतात.

“कोण राघो?”

माईकने ते उचललं. चारी कर्ण्यांतून, आतल्या दोन आणि नाक्याकडच्या दोन, अगदी स्पष्ट गेलं, कोण राघो. शेजाऱ्याने खांदे उडवले. सुधीर मशीनजवळ उभा होता, त्यालाही माहीत नव्हतं. टिपणीसांनी रांगांवरून नजर फिरवली. त्या दिवशी दुकानात असलेले दोघे मंडपवाले मागे उभे होते. त्यांतला एक आठवायचा प्रयत्न करत होता.

तीन वर्षं टिपणीस समजत होते की सगळं ठाणं राघोच्या नावाने बोटं मोडतंय. कुणी बोटं मोडत नव्हतं. लोक महिन्याभरात विसरले होते. चोरी विसरले, राघोलाही विसरले, फक्त त्याला न बोलावण्याची सवय तेवढी राहिली होती. ज्याचं नाव परत द्यायला ते आले होते, त्या नावाचा माणूस इथे कुणाच्या ध्यानातच नव्हता.

सुधीर पुढे होऊन हळूच म्हणाला, “काका, झालं ना? पाहुणे खोळंबलेत.”

“नाही,” टिपणीस म्हणाले, आणि तेही कर्ण्यातून गेलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला दांड्यावरचा हात सोडायची त्यांची हिंमत नव्हती. “राघो कोण, ते सांगतो. मग कार्यक्रम सुरू करा.”

त्यांनी श्वास घेतला.

“राघो पाटील. राहणार दिवा. बासष्ट साली गणपतीत आला. तुमच्या या समोरच्या गच्चीवर पहिला कर्णा त्याने बांधला...”